अनुस्वाररावांचा लॅपटॉप हलका होतो

अनुस्वाररावांनी लॅपटॉप सुरू केला, आत जाऊन दाढी केली, अंघोळ केली, सदरा चढवला आणि परत येऊन बघतात तो पडद्यावर अजून तेच वर्तुळ गरगर फिरत होतं. जाताना जिथे सोडलं होतं तिथेच. फक्त आता त्याचा वेग थोडा मंदावला होता, म्हणजे तेही दमलं असावं.

"सुरू झाला का रे?" आईने आतून विचारलं.

"होतोय."

"काल म्हणालास तेच ना हे होणं, का नवीन?"

अनुस्वारराव खुर्ची ओढून वर्तुळासमोर बसले. त्यांचं खरं नाव वेगळं होतं, पण ते आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. औषधांच्या खोक्यात जी घडी घातलेली पातळ पत्रकं असतात, ती छापणाऱ्या छापखान्यात ते मुद्रितं तपासत. जगात जे कुणीही वाचत नाही ते वाचणं हा त्यांचा व्यवसाय. एकदा खोकल्याच्या औषधाच्या पत्रकात 'घोट' ऐवजी 'घोंट' छापलं जात होतं, तेव्हा त्यांनी चालू मशीन थांबवलं होतं. मशीन परत सुरू व्हायला दुपार झाली, आणि तोवर त्यांचं नाव पडलेलं होतं. 'राव' हे शेजाऱ्यांनी नंतर आदराने जोडलं, असं त्यांचं मत होतं.

तर लॅपटॉप. त्याची गरज अनुस्वाररावांना नव्हती, आईला होती. आईची थोरली बहीण, म्हणजे मावशी, दूरच्या शहरात मुलाकडे राहत होती आणि येत्या शनिवारी तिच्या खुब्याचं ऑपरेशन होतं. प्रवास आईच्या गुडघ्यांना झेपणारा नव्हता. फोन होता, पण मावशीला अलीकडे ऐकू येणं जवळजवळ बंद झालं होतं, आणि तिला हे मान्य नव्हतं.

"झोप लागते का?" आई फोनवर ओरडे.

"कोप? मी कशाला कोपू कुणावर?" मावशी तिकडून त्याहून मोठ्याने ओरडे. मग दोघी थोडा वेळ एकमेकींवर खरोखरच कोपत.

समोरासमोर मात्र मावशीचं काही अडत नसे, कारण ती ओठ वाचायची. म्हणून मोबाइलवर व्हिडिओ कॉल करून पाहिला. पण आईला मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावर बहीण दिसेना, म्हणून ती तो नाकाला लावे, आणि मावशीला तिकडे फक्त एक नाकपुडी आणि पंखा दिसे. नाकपुडीवरून ओठ वाचता येत नाहीत. तेव्हा मोठा पडदा हवा, असं ठरलं, आणि छापखान्याने नवे लॅपटॉप आणल्यावर अनुस्वाररावांना देऊन टाकलेला हा जुना लॅपटॉप माळ्यावरून खाली आला. त्याने एकदाचं ते गरगरणं संपवलं आणि व्हिडिओ कॉलचं पान उघडताच सांगितलं, की तुमची प्रणाली इतकी जुनी आहे की आम्ही तुमच्याशी बोलू शकत नाही.

"नवीन घेऊन टाकू या," बायको म्हणाली.

"ज्या वस्तूचे सगळे स्क्रू शाबूत आहेत ती वस्तू मी टाकणार नाही," अनुस्वारराव म्हणाले. हे वाक्य त्यांना बोलल्यावर फार आवडलं. दुर्दैवाने त्या वेळी मेहुणा घरात होता, आणि मेहुण्यासमोर बोललेलं वाक्य परत घेता येत नाही.

मेहुणा संगणकांच्या कंपनीत होता. तिथे तो नेमकं काय करतो हे विचारण्याची घरात पद्धत नव्हती. "भाऊजी, यात काहीच नाही," तो म्हणाला. "मुक्त प्रणाली टाका. लिनक्स. फुकट असते, हलकी असते, जुन्या यंत्रावर पळते. पेनड्राइव्हवरून नुसती चालवून बघायची, पटली तर बसवायची."

"कुठली टाकू?"

"कुठलीही," असं म्हणून मेहुणा निघून गेला.

माणसाला आयुष्यातून उठवायला हा एक शब्द पुरतो. अनुस्वाररावांनी शोधायला घेतलं तेव्हा त्यांना कळलं की अशा प्रणाली शेकड्यांनी आहेत, प्रत्येक स्वतःला सर्वांत हलकी म्हणवते, प्रत्येक नवशिक्यांसाठी आहे, आणि प्रत्येकीच्या लोकांचं बाकीच्यांबद्दल फार वाईट मत आहे. दुसरा कुणी असता तर त्याने डोळे मिटून एकीवर बोट ठेवलं असतं. पण हे पडले पत्रकं वाचणारे. प्रत्येकीचे परवाने, सूचना, तळटीपा त्यांनी वाचायला घेतल्या. छापखान्यात बसून वाचल्या, बसमध्ये वाचल्या. बुधवार उजाडला तेव्हा त्यांना मुक्त परवान्यांतल्या चौदाव्या कलमाबद्दल बोलता येत होतं, आणि लॅपटॉपवर अजूनही काहीच चालत नव्हतं.

"शनिवारी ऑपरेशन आहे," बायकोने आठवण करून दिली. "या वर्षीच्या."

तेव्हा त्यांनी तज्ज्ञाचा सल्ला घ्यायचं ठरवलं. इमारतीच्या तळमजल्यावर दंतवैद्यांचा दवाखाना होता आणि दंतवैद्यांना लिनक्सचं वेड होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. ते दाढ काढताना त्याबद्दल बोलत. दाढ काढली जात असताना रुग्ण दुसरं काही करू शकत नाही.

अनुस्वारराव दवाखान्यात गेले आणि म्हणाले, "एक विचारायचं होतं."

"बसा," दंतवैद्य खुर्चीकडे हात करून म्हणाले. दुसरीकडे बसायला जागाच नव्हती, म्हणून ते तिथे बसले. खुर्ची आपोआप मागे झुकली. "आ करा."

"नाही, मी ते लॅपटॉपचं…"

"हां, लॅपटॉप! आ करा." तोंडात आरसा गेला. "किती जुना?"

"आ आ आ."

"अरे वा. मग तुम्हाला ग्रॅनाइटच घ्यायला हवी. बाकी सगळं खोटं. लोक तुम्हाला मॉथ सांगतील, टर्निप सांगतील, ऐकू नका. नवशिक्याने कठीणापासूनच सुरुवात करावी, म्हणजे पुढे त्रास होत नाही. हे तुमचं खालचं डावीकडचं किडायला लागलंय, साफ करून टाकतो. ग्रॅनाइटमध्ये तुम्ही यंत्राशी थेट बोलता. मध्ये कुणी नाही. दुखतंय?"

"आ!"

"मग ठरलं तर, ग्रॅनाइट."

अशा रीतीने अनुस्वारराव आपली प्रणाली निवडून आणि अर्धा जबडा बधिर करून घेऊन वर आले. बायकोने विचारलं काय ठरलं, तर ते म्हणाले "घ्यानाइट", आणि त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यातून थोडं पाणी गळलं.

आता प्रणाली पेनड्राइव्हवर चढवायची होती. टीव्हीखालच्या खणात एक पेनड्राइव्ह मिळाला. बायकोच्या संगणकावर प्रणाली उतरवून घेतली, पेनड्राइव्ह खुपसला आणि सूचनांप्रमाणे बटणं दाबली. मध्येच एक प्रश्न आला, की यातलं सर्व काही पुसलं जाईल, चालेल का. आता, दिवसभर शब्दाशब्दाला अडखळणारा हा माणूस याच वाक्यापाशी का अडखळला नाही, हे विचारू नये. जबडा बधिर होता. त्यांनी 'चालेल' म्हटलं.

बायको इमारतीच्या सोसायटीची सचिव होती आणि त्याच संध्याकाळी जिन्याखालच्या मोकळ्या जागेत सभा होती. विषय होता नवी लिफ्ट. कोणती लिफ्ट, कसा दरवाजा, कुठला रंग, यावर बायकोने रविवारभर बसून चित्रांसकट सादरीकरण तयार केलं होतं. मोठा टीव्ही खाली नेला होता, माणसं खुर्च्या घेऊन जमली होती. बायकोने टीव्हीखालच्या खणातून आणलेला पेनड्राइव्ह टीव्हीत लावला. टीव्हीने थोडा विचार केला आणि पडद्यावर लिहिलं, 'हे साधन ओळखता आलं नाही. ते कोरं करायचं का?'

"हा काय प्रस्ताव आहे?" मागून एक गृहस्थ म्हणाले. "कोरं करायला माझा विरोध आहे."

"माझं अनुमोदन," त्यांच्या शेजारचे म्हणाले.

"विरोधाला अनुमोदन, का प्रस्तावाला?"

यावर हात वर झाले, खाली झाले, परत मोजले गेले. बायकोने सभेत शेवटच्या रांगेत बसलेल्या अनुस्वाररावांकडे एकदाच पाहिलं. लग्नाला बरीच वर्षं झाली की अशा एका नजरेत पूर्ण परिच्छेद बसतो, विरामचिन्हांसकट.

पण झालं असं, की चित्रंच नसल्यामुळे दरवाजाच्या रंगावर भांडता येईना. दरवर्षी नुसत्या रंगावर सभा मोडायची. या वेळी लोकांनी "लिफ्ट हवी का?" या एकाच प्रश्नावर मत दिलं, हवी म्हणाले, आणि जेवायच्या आत घरी गेले. बायको घरी आली तेव्हा तिला रागवायचं होतं, पण सचिव झाल्यापासून पहिल्यांदाच ठराव मंजूर झाला होता, त्यामुळे तिचा चेहरा काय करावं ते न कळून दोन्हीकडे ओढला जात होता.

"पुढच्या वर्षीही पुसाल का?" तिने विचारलं.

अनुस्वाररावांनी हे सरळ अर्थाने घ्यायचं का, यावर बराच विचार केला.

पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला तर लॅपटॉप उठून बसला आणि त्याने पासवर्ड मागितला. नेहमीचा नव्हे. छापखान्याच्या लोकांनी यंत्राच्या मुळाशीच एक कुलूप घातलं होतं, की कुणी बाहेरची प्रणाली लावू नये. म्हणून गुरुवारी अनुस्वारराव लॅपटॉप पिशवीत घालून छापखान्याच्या मालमत्ता विभागात गेले. तिथे एक बाई बसत. त्यांच्या टेबलावर इतकं नीटनेटकं होतं की तिथे काही मागायला जायची भीती वाटे.

"या लॅपटॉपचा सुरुवातीचा पासवर्ड हवा होता," अनुस्वारराव म्हणाले.

बाईंनी मागचा क्रमांक वाचून संगणकात घातला. "हा नष्ट केलाय."

"काय?"

"नोंद आहे. तीन साक्षीदारांसमोर चिरडून नष्ट."

"अहो, पण हा काय."

बाईंनी पटकन मान खिडकीकडे वळवली. "मला तो दाखवू नका. मला दिसला तर मला कळवावं लागेल. मग चौकशी होईल, की चिरडला तो कुठला."

"साहेबांनीच मला दिला हो. साक्षीदारांत मीही होतो!"

"म्हणजे तुम्ही खोटी सही केलीत?"

अनुस्वाररावांनी लॅपटॉप पिशवीत घातला. मग बाहेर काढला. मग परत घातला. आपण कलमं वाचणारी माणसं, आणि न वाचता सही कशी केली? तर त्या दिवशी त्यांनी कागद वाचला होता खरा, 'चिरडुन' मधला डु दीर्घ करून दिला होता, आणि त्या आनंदात सही केली होती.

"समजा," ते घसा साफ करून म्हणाले, "एक असा लॅपटॉप आहे जो आहे. त्याचा पासवर्ड काय असेल?"

"जो आहे त्याचा सांगता येईल," बाई खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या. "सगळ्यांचा एकच आहे. क्वालिटी. इंग्रजीतून, सगळी छोटी अक्षरं. पण ज्यांनी घातला त्यांनी स्पेलिंग चुकवलंय. क्यूच्या पुढे डब्ल्यू आहे."

"डब्ल्यू?"

"डब्ल्यू."

"आणि कुणी दुरुस्त नाही केलं?"

"दुरुस्त केलं तर उघडणार कसं?"

घरी येऊन अनुस्वाररावांनी पासवर्ड घातला. उघडेना. पुन्हा घातला. उघडेना. बायको येऊन मागे उभी राहिली.

"अहो, तुम्ही यू दाबताय."

"डब्ल्यूच दाबतोय."

"यू दाबताय. मी बघतेय ना."

त्यांनी बोटाकडे पाहिलं. बोट डब्ल्यूच्या दिशेने निघे आणि वाटेत आपोआप यूकडे वळे. एवढी वर्षं दुसऱ्यांच्या चुका सुधारलेलं बोट, ते स्वतःहून चूक करायला तयार होईना. त्यांनी डोळे मिटले. डाव्या हाताने करून बघितलं. शेवटी बायकोने त्यांना बाजूला सारलं आणि टकटक करून शब्द चुकवला. लॅपटॉप उघडला. "एवढंच तर होतं," ती म्हणाली. अनुस्वारराव खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. आपल्या घरात हे स्पेलिंग लिहिलं गेलं, याचं त्यांना वाईट वाटत होतं.

ग्रॅनाइट सुरू झाली. म्हणजे पडदा काळा झाला आणि एका कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकायला लागली. अनुस्वारराव वाट बघत बसले. रेघही वाट बघत बसली. आईने येऊन पाहिलं.

"बिघडला?"

"नाही. आता आपण त्याच्याशी थेट बोलायचं."

"मग बोल."

"काय बोलू?"

"मला काय माहीत? तू म्हणतोस थेट बोलायचं." आई पडद्याकडे वाकली आणि म्हणाली, "हॅलो." मग कुणी ऐकलं नाही ना, असं बघून आत गेली.

संध्याकाळी मॉथ लावून पाहिली. मॉथ खरंच हलकी होती. डोळ्याचं पातं लवायच्या आत सुरू झाली. पण हलकं होण्यासाठी तिने जवळचं सगळंच टाकून दिलं होतं. व्हिडिओ कॉल नाही, चित्रं नाही, घड्याळही नाही. एक सुंदर करडा पडदा, आणि त्यावर एक बटण. बटण दाबलं की यंत्र बंद होई. अनुस्वाररावांनी ते पुन्हा पुन्हा सुरू केलं आणि बंद केलं, कारण एवढं तरी जमत होतं.

उरली टर्निप. एखाद्या प्रणालीला सलगमाचं नाव असावं हेच मुळात त्यांना पसंत नव्हतं. पण शुक्रवार सकाळ झाली होती, रजा टाकली होती, आणि दुपारी मावशीला कॉल करायचा असं आईने परस्पर ठरवून टाकलं होतं. टर्निपमध्ये आपल्या भाषेत चालण्याची सोय होती. ती त्यांनी निवडली, आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं:

'उंदिर सापडला नाहि. कृपया उंदिर जोडा.'

शेजारी बसलेल्या आईने दोन्ही पाय उचलून खुर्चीवर घेतले. "कुठेय?"

"नाही आहे. तेच म्हणतोय तो. आणि दोन चुका आहेत! 'उंदीर' दीर्घ! 'नाही' दीर्घ!"

"अरे, पण सापडला का?"

"आई, माऊस. माऊस म्हणतोय."

"तेच ते."

बायकोने आपला माऊस आणून लावला. लगेच पडद्यावर आलं, 'उंदिर सापडला. आपले मनःपूर्वक आभार.'

आईने पाय खाली सोडले. तिचा चेहरा एकदम खुलला. "किती सभ्य आहे रे हा! आणि अक्षरं बघ, चष्मा न लावता दिसतात. हाच ठेव."

"आई, हा अशुद्ध आहे. इथे बघ, 'खिडकि ठार करा' लिहिलंय. 'अनाथ वस्तुंची विल्हेवाट.' हे कुणी लिहिलं असेल? आणि नवशिक्यांसाठी ज्या कसोट्या मी ठरवल्या होत्या…"

"या घरात नवशिकी मी आहे," आई म्हणाली. "मला आवडला."

आठवडाभर चाललेल्या संशोधनाचा निकाल असा लागला. अनुस्वाररावांना आता 'नाहि' या शब्दाखाली राहावं लागणार होतं. बसवताना प्रणालीने विचारलं, 'जुने सर्व काहि नष्ट होइल. तुमचि खात्रि आहे?' त्यांनी ती ओळ चार चुकांसकट डोळे बारीक करून वाचली, आणि बायको पुढे झुकून 'होय' दाबेपर्यंत वाचतच राहिले.

लॅपटॉप पळायला लागला. खरंच पळायला लागला. व्हिडिओ कॉलचं पान उघडलं आणि मुकाट्याने चालू झालं. दुपारी आईने ठेवणीतली साडी नेसून केस विंचरले, खुर्चीवर ताठ बसली, आणि पडद्यावर मावशी आली. दवाखान्याचा झगा, पांढरे केस, डोळ्यांवर जाड चष्मा. मागे तिची सून टॅबलेट धरून उभी असावी, कारण तिचा अंगठा दिसत होता.

"अगंबाई!" मावशी ओरडली. "तू उलटी का लटकलीयस?"

आईने स्वतःकडे पाहिलं. ती सरळ बसली होती. पण पडद्याच्या कोपऱ्यात तिचं छोटं चित्र होतं, त्यात ती खरंच उलटी होती. छत खाली, आई वर, आणि पंखा तिच्या डोक्याखाली.

"कॅमेरा उलटा दिसतोय," अनुस्वारराव म्हणाले.

"मी उलटी चालेन," आई म्हणाली. "ताई, कशी आहेस?"

"काय कशी राहीस?" मावशी डोळे ताणून बघत होती. तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू ओसरलं. "मला काही कळत नाही ग. तुझे ओठ उलटे आहेत."

एवढी खटपट झाल्यावर हे व्हावं! आईने मान वाकडी केली. मावशीनेही केली. सूनबाईंनी टॅबलेट उलटा धरला, पण तो टॅबलेट शहाणा होता. उलटा धरला की तो चित्र आपलं आपण फिरवून घेई, आणि आई पुन्हा उलटी. आईने सोफ्यावर आडवं होऊन डोकं खाली सोडण्याची तयारी दाखवली. बायकोने तिला खांद्यांना धरून परत बसवलं.

"नाही कळत," मावशी म्हणाली. तिचा आवाज आता लहान झाला होता. "राहू दे. उद्या झाल्यावर बघू. झालं नीट तर."

हे 'झालं नीट तर' ऐकल्यावर आईचा चेहरा जो झाला, तो बघून अनुस्वारराव उठले. एकही सूचना न वाचता त्यांनी लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलला आणि सरळ उलटा केला. कळपट्टी वर, पडदा खाली लोंबता.

"दिसलीस!" मावशी ओरडली. "आता सरळ झालीस!"

"पण आता मला ती उलटी दिसतेय," आई म्हणाली. "तिला बघायचं नाही का मी?"

बायकोने भावाला फोन लावला. मेहुण्याने या खेपेला 'कुठलंही' म्हटलं नाही. "टर्निपमध्ये पडदा फिरवायची सोय असते. सेटिंगमध्ये बघ." बायको अनुस्वाररावांच्या काखेखालून आत शिरली, उलट्या कळपट्टीखाली लोंबणारा माऊस ओढून घेतला, आणि 'पडदा फिरवा' असं लिहिलेलं बटण दाबलं. या शब्दांत मात्र एकही चूक नव्हती. चित्र गर्रकन फिरलं. मावशी सरळ. आई सरळ. फक्त लॅपटॉप उलटा, आणि तो हवेत धरून उभे असलेले अनुस्वारराव.

थोड्याच वेळात त्यांचे हात लटपटायला लागले आणि मावशीला वाटलं भूकंप होतोय. तेव्हा बायकोने जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्या आणून पाठीला पाठ लावून थोड्या अंतरावर ठेवल्या. त्या दोन पाठींवर लॅपटॉपचं धड पालथं टेकवलं. पडदा मध्ये खाली लोंबत राहिला आणि कळपट्टीचं आईच्या डोक्यावर छोटंसं छप्पर झालं. आई छपराखाली सरकली. बाहेरून आता तिचा फक्त अंबाडा दिसत होता.

"ऐक ताई," आई मोठ्याने म्हणाली. मग थांबली. मागे वळून तिने तिघांकडे, म्हणजे मुलाकडे, सुनेकडे आणि फोनवर अजून "झालं का?" विचारणाऱ्या सुनेच्या भावाकडे पाहिलं. पुन्हा पडद्याकडे तोंड केलं. आणि तिचा आवाज बंद झाला.

अनुस्वाररावांना वाटलं, आता हे बिघडलं. पण बिघडलं काही नव्हतं. आई बोलतच होती. नुसते ओठ हलवून. मावशीला आवाज लागत नव्हता, मग तो घरभर कशाला ऐकवायचा? मावशी पुढे झुकून बघत होती. आधी ती गंभीर होती. मग तिने एकदा हुंकार दिला. मग चष्मा काढून डोळे पुसले, आणि घाईघाईने परत लावला, कारण चष्म्याशिवाय तिला एक शब्द हुकला असता. "हो," ती म्हणाली. "हो ग. मला पण तीच भीती वाटत होती." मग बराच वेळ नुसती बघत राहिली. आणि मग एकदम इतकी हसली, इतकी हसली, की सूनबाईंचा अंगठा टॅबलेटवरून सुटला आणि तिकडचं छत दिसायला लागलं.

शनिवारी ऑपरेशन नीट झालं. शुद्धीवर आल्यावर मावशीने पाणी मागायच्या आधी टॅबलेट मागितला, असं सूनबाईंनी कळवलं.

रविवारी मेहुणा आला. दोन खुर्च्यांवर पालथा लॅपटॉप बघून त्याने कपाळावर हात मारला. "भाऊजी, हा जुन्या यंत्रांचा नेहमीचा घोळ आहे. कॅमेरा उलटा बसवलेला असतो. एक ओळ लिहायची, की सरळ. थांबा, आत्ता करून देतो."

"हात लावू नकोस," आई म्हणाली.

"अहो, पण नीट होईल. टेबलावर ठेवता येईल."

"टेबलावर ठेवलं की सगळ्यांना माझं तोंड दिसतं. इथे आत कुणाला काही दिसत नाही." तिने छपरावरची धूळ पदराने पुसली. "या वयात मला एवढी तरी जागा स्वतःची नको?"

मेहुण्याने पुढे केलेला हात मागे घेतला. तेव्हापासून जेवणाच्या टेबलाला दोन खुर्च्या कमी आहेत आणि अनुस्वारराव ओट्यापाशी उभ्याने जेवतात. टर्निपवाल्यांना त्यांनी चुकांची दुरुस्ती पाठवली. तिकडून उत्तर आलं, 'आपले मनःपूर्वक आभार. आम्हि विचार करु.'

रोज दुपारी आई छपराखाली जाऊन बसते. तिच्याकडून आवाज नाही. मावशीचा मात्र घरभर ऐकू येतो, कारण ऐकू येत नसल्यामुळे ती मनमोकळी ओरडते. काल अनुस्वारराव ताट घेऊन उभे असताना तिकडून आलं, "हो ना! लहानपणापासून तस्साच आहे तो!" मग थोडी शांतता, आणि मग हसण्याचा एवढा मोठा फवारा, की त्यांच्या हातातलं ताट हललं.

"आई," ते दारापाशी येऊन म्हणाले, "तस्सा म्हणजे कसा?"

छपराखालून आईचा एक हात बाहेर आला, माशी हाकलावी तसा हलला आणि परत आत गेला.